तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन कमी करण्याचे तक्ते हल्ली जिकडेतिकडे छापून येतात. ‘एक भाकरी : अमुक कॅलरी, एक वाटी भाजी : तमुक कॅलरी.’ सोलापुरात हा हिशेब पहिल्या घासालाच फसतो. एका घरी किलोभर पिठाच्या १२ भाकऱ्या होतात, शेजारी त्याच किलोच्या २०. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३३५ कॅलरी धरल्या, तर पहिल्या घरची भाकरी २८० कॅलरींची आणि दुसऱ्या घरची १७० ची. वाटीचेही तेच, कोणाची १०० मिलिलिटरची, कोणाची २०० ची.

कडक भाकरीविषयी तर मोठाच गैरसमज आहे. ती हातात हलकी लागते, म्हणून ‘डाएटला चालते’ म्हणतात. भाजताना उडते ते पाणी. पिठातली ऊर्जा जागच्या जागी राहते. ४० ग्रॅमची कडक भाकरी म्हणजे जवळपास ४० ग्रॅम पीठच, सुमारे १३० कॅलरी. पातळ भाजीत चुरून अशा तीन-चार कधी संपतात ते कळतही नाही. भात सोडून ज्वारीवर आल्यानेही कॅलरी फारशा घटत नाहीत, कारण कोरड्या तांदळात १०० ग्रॅमला ३५५ च्या आसपास असतात. ज्वारीचा खरा फायदा तंतूंचा : १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यामुळे पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि पुढचे खाणे लांबते.

म्हणून आमचे सांगणे असे, की ताट मोजण्याच्या फंदात पडण्याआधी महिन्याचा किराणा मोजावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (मांसाहारी घरांत त्यातच अंडी-मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे माप दिले आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्यासाठी याचा अर्थ धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये १० किलो, शेंगदाणे-तीळ मिळून ४ किलो आणि तेल-तूप सव्वातीन किलो. आता आपली यादी शेजारी ठेवा. बहुतेक घरांत डाळ मापाच्या निम्म्यावर अडते आणि तेल मापाच्या पुढे पळते.

तेलाचे गणित सर्वांत सोपे आहे. १५ किलोचा डबा फोडला, की त्यावर तारीख लिहावी. चौघांत तो साडेचार महिने पुरायला हवा. अडीच महिन्यांत खडखडाट झाला, तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल पोटात गेले, म्हणजे २३ ग्रॅम जास्त. तेलाच्या ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोजच्या २०० हून अधिक कॅलरी कोणाच्या नजरेला न पडता आल्या. बाहेरची भजी-वडे यात धरलेलेच नाहीत.

शेंगदाण्याच्या चटणीला आम्ही नावे ठेवणार नाही. सोलापुरात राहून तशी हिंमतही नाही. पण १५ ग्रॅमचा एक चमचा ८० कॅलरींचा असतो, त्यावर छोटा चमचा तेल ओतले की आणखी ४०-४५. तेलाऐवजी दोन चमचे दही घेतले तर २० च्या आत भागते. आमटीतला, भाजीतला, कोशिंबिरीतला कूटही त्याच ३५ ग्रॅमांत धरायचा. ‘दाण्यांत प्रथिने असतात’ हे खरे, पण १०० कॅलरींचे दाणे साडेचार ग्रॅम प्रथिने देतात, तर १०० कॅलरींची तूरडाळ साडेसहा. दाणे डाळीची जागा घेत नाहीत.

उपवासाने वजन उतरत नाही याचे कारण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीतच आहे. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम कूट, दोन छोटे चमचे तूप अशी एक बशी ४०० कॅलरींवर जाते आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच.

२००० हा आकडाही सर्वांचा नव्हे. त्याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला १६६० कॅलरी लागतात, ६५ किलोच्या पुरुषाला २११०. मध्यम श्रमाच्या पुरुषाला मात्र २७१०. दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी स्त्री कितीही दमली तरी तिचे काम ऊर्जेच्या हिशेबात बैठेच. तिच्या आणि यंत्रमागावर पाळीभर उभे राहणाऱ्याच्या भाकऱ्या सारख्या असून चालणार नाहीत.

वजन उतरवायचेच असेल तर रोजच्या खाण्यातून ३०० ते ५०० कॅलरी कमी कराव्यात, त्याही आधी तेल, साखर, फरसाण यांतून. डाळ आणि भाजीला हात लावू नये. भाकरी एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो. त्यात बरेचसे पाणी असते, आणि प्रथिनेही कमी पडली तर पुढे स्नायू झिजतात. अर्धा तास भरभर चालल्याने ६० किलोच्या माणसाच्या १२०-१४० कॅलरी खर्च होतात. २५ ग्रॅम दाण्यांत त्या भरून निघतात. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कपात करू नये.

आपल्या आरोग्य पुरवणीत यापुढे असे तक्ते छापताना ‘एक भाकरी’, ‘एक वाटी’ यांच्यापुढे ग्रॅम द्यावेत, आणि ते कच्च्या जिनसाचे की शिजवलेल्या पदार्थाचे, तेही नमूद करावे, ही विनंती.

– दोन आहारतज्ज्ञ, सोलापूर