उरलेल्या सॉरडोचे फळांचे पॅनकेक

पुणे, जानेवारी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

सोबतच्या काचेच्या बरणीत सॉरडो स्टार्टर, म्हणजे ब्रेड फुगवण्यासाठी आंबवून ठेवलेलं पीठ-पाणी, आहे, साधारण ४०० ग्रॅम. त्याचे पॅनकेक कर. ब्रेडसाठी स्टार्टरला रोज ताजं पीठ-पाणी देण्याआधी त्यातला काही भाग काढून टाकावा लागतो, तो हा साठवलेला भाग. बेकिंगवाले याला डिस्कार्ड म्हणतात. नाव टाकाऊचं असलं तरी यात चांगलं पीठ आहे आणि ते आठवडाभर मुरलेलं आहे. फ्रिजमध्ये ठेव, झाकण सैल असू दे आणि बरणी पाऊणच भर, कारण थंडीतही ते थोडं फसफसत राहतं. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात मात्र काढू नकोस, दह्यासारखंच कळकेल.

हे म्हणजे एक प्रकारचं विरजणच समज. दह्यात आंबट करणारे जिवाणू असतात, यात ते असतात आणि शिवाय यीस्टही असतं. फ्रिजमध्ये राहिलेल्या, उपाशी स्टार्टरमधलं यीस्ट दमलेलं असतं. त्याच्या जोरावर पॅनकेक फुगतील अशी अपेक्षा करू नकोस. त्यात भरपूर असतं ते आम्ल. आम्लात खायचा सोडा पडला की वायू सुटतो आणि तोच पॅनकेक फुगवतो. म्हणून या पाककृतीत आधी आंबटपणा ओळखायचा आणि मग सोडा ठरवायचा. बाकी सगळं सोपं आहे, चुकतं ते इथेच.

ओळखायचं कसं ते सांगते. बरणीतलं एक चमचा मिश्रण वाटीत घे, त्यावर चिमूटभर सोडा टाकून ढवळ. लगेच फेस येऊन ते वर चढलं तर आम्ल भरपूर आहे. जेमतेम चार बुडबुडे आले तर कमी आहे. वासही सांगतो. एक-दोन दिवसांचं असेल तर ताकासारखा वास येतो, आठवड्याचं असेल तर नाकाला झोंबतो. वर करडं पाणी जमलं असेल तर घाबरू नकोस, ते उपाशी राहिल्याचं लक्षण आहे. पाणी ओतून टाकलंस तर आंबटपणा जरा कमी होईल, ढवळून घेतलंस तर वाढेल. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास आला तरी तो तव्यावर उडून जातो. पण गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली, किंवा वर लोकरीसारखी बुरशी आली, तर वरचा थर काढून वापरायचं नाही. सगळी बरणी टाकायची. आणि पुढे तू स्वतः नवं स्टार्टर सुरू केलंस, तर त्यातलं पहिल्या आठ-दहा दिवसांतलं काढलेलं पीठ पॅनकेकला घेऊ नकोस. तेव्हा त्यात भलतेच जिवाणू वाढत असतात आणि वासही तसाच येतो.

आता माप. माझं स्टार्टर वजनानं निम्मं पीठ, निम्मं पाणी असं आहे. वाटीनं मोजू नकोस, काट्यावर मोज. फसफसलेलं स्टार्टर वाटीत हवा धरतं आणि खाली बसलेलं दाट असतं, त्यामुळे एकाच वाटीत कधी १५० ग्रॅम मावतं, कधी २४०. दोघांच्या पोटभर न्याहारीला २०० ग्रॅम स्टार्टर, एक अंडं, १०० मिली दूध, ५० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम पातळ केलेलं तूप, एक मोठा चमचा साखर (१५ ग्रॅम) आणि पाव लहान चमच्याहून थोडं कमी मीठ. सोडा आंबट स्टार्टरला सपाट अर्धा लहान चमचा, एक-दोन दिवसांच्या स्टार्टरला पावच. लहान चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा, चहाच्या कपातला नाही. यात तळहाताएवढे आठ-नऊ पॅनकेक होतात.

अर्धा चमचा सोडा ते सगळं आम्ल जवळजवळ खाऊन टाकतो आणि चव अगदी सौम्य होते. स्टार्टरची आंबूस चव टिकवायची असेल तर सोडा पाव चमचाच घाल आणि जोडीला अर्धा चमचा बेकिंग पावडर घे. बेकिंग पावडरीत तिचं स्वतःचं आम्ल असतं, म्हणून ती स्टार्टरमधलं आम्ल फारसं वापरत नाही. मला हाच मेळ जास्त आवडतो, विशेषतः गोड फळ असेल तेव्हा. सोडा कमी पडला तर पॅनकेक चपटे, पांढुरके आणि आंबटढाण होतात. आम्लामुळे वरचा रंगही येत नाही, कितीही भाजलं तरी. जास्त पडला तर भराभर काळपट तांबूस होतात आणि जिभेला साबणासारखे लागतात. हे नंतर साखरेनं झाकता येत नाही.

कणकेचं स्टार्टर असेल किंवा मैद्याऐवजी कणीक वापरणार असशील तर दूध २०-३० मिली वाढव. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते. खपली गव्हाचं पीठही चालतं, चव फार सुरेख येते, पण त्याला चिवटपणा कमी असतो, त्यामुळे पॅनकेक लहान घाल म्हणजे उलटताना मोडणार नाहीत.

मोठ्या भांड्यात स्टार्टर, अंडं, दूध, तूप, साखर, मीठ आधी नीट फेटून घे. दूध फ्रिजमधून काढलेलं गार घेऊ नकोस, तूप थिजून त्याचे दाणे होतात. मग मैदा चाळून घाल आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलव. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. स्टार्टरमधला चिवटपणा आम्लानं मोडलेला असतो, पण हा ५० ग्रॅम मैदा ताजा आहे, तो घोटत बसलीस की पॅनकेक वातड होतात. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेव. मिश्रण घावनापेक्षा दाट, इडलीच्या पिठापेक्षा पातळ हवं. डावातून सोडलं तर सलग पडावं आणि तव्यावर आपोआप थोडं पसरून थांबावं. धिरड्यासारखं धावत सुटलं तर चमचाभर मैदा, ढेकळासारखं पडलं तर चमचाभर दूध.

सोडा सगळ्यात शेवटी, तवा तापल्यावर. चमचाभर पाण्यात कालवून घाल, नाहीतर एखाद्या ठिकाणी तसाच राहतो आणि पॅनकेकमध्ये पिवळा, कडू ठिपका लागतो. घातल्यावर मिश्रण डोळ्यांदेखत फुलेल. चार-पाच वेळा हलक्या हातानं हलव आणि थांब. तिथून दहा-पंधरा मिनिटांत सगळे पॅनकेक तव्यावर गेले पाहिजेत. फोन आला म्हणून अर्धा तास ठेवलंस तर वायू उडून गेलेला असतो आणि पुन्हा सोडा घालून उपयोग होत नाही, कारण आता आम्लच उरलेलं नसतं. दोन खेपांत करायचे असतील तर मिश्रण आधीच अर्धं वेगळं काढ आणि सोडाही दोन वेळा अर्धा-अर्धा घाल. तव्यापर्यंत जाण्याआधी मिश्रणाची चव मात्र बघू नकोस, त्यात कच्चं अंडं आणि कच्चं पीठ आहे.

तवा बिडाचा उत्तम, पण वंगण मुरलेला हवा. नवा किंवा घासून कोरडा झालेला लोखंडी तवा आंबट पिठाला करडे डाग देतो आणि चवीला लोखंड लागतं. तसा असेल तर नॉनस्टिक घे. बीड सावकाश तापतं, मध्यम गॅसवर चार-पाच मिनिटं दे. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत दोन-तीन सेकंदांत उडाला पाहिजे. जागीच चर्र होऊन बसला तर अजून गार आहे. मग गॅस मंद-मध्यम कर आणि तुपाचा बोळा फिरवून जादाचं तूप पुसून घे. तुपाचं तळं राहिलं तर पॅनकेकच्या कडा तळल्या जातात आणि मध्ये डाग पडतात. लोण्यापेक्षा तूप बरं, लोण्यातला दुधाचा अंश दुसऱ्या पॅनकेकपर्यंत करपतो.

एक लहान डाव, साधारण ५० ग्रॅम, घाल आणि पसरवू नकोस. फळ आत्ता, याच वेळी, वरून ठेवायचं. मिश्रणात कालवलेलं फळ दोन खोड्या करतं. पाणी सोडून पीठ पातळ करतं, आणि तुकडे तळाशी जाऊन तव्याला चिकटून करपतात. वरून ठेवलेलं फळ आधी मिश्रणात रुततं आणि उलटल्यावर एक-दीड मिनिटच तव्याला लागतं, तेवढ्यात त्याची साखर खरपूस होते. तुकडे पाच मिलिमीटरपेक्षा जाड नकोत, नाहीतर त्यांच्या भोवतीचं पीठ कच्चं राहतं. एका पॅनकेकवर तीन-चार तुकडे, कडेपासून जरा आत.

वरच्या बाजूला बुडबुडे येतील. नुसते आले म्हणून उलटू नकोस. कडेचे फुटून भोकं उघडीच राहिली आणि कडेची ओली चमक गेली की उलट. दोन ते अडीच मिनिटं लागतात. आंबोळीला जाळी पडते तसंच ओळखायचं. उलथनं पूर्ण आत सरकवून एकाच झटक्यात उलट आणि वरून दाबू नकोस. दाबलं की इतक्या कष्टानं धरलेली हवा निघून जाते. दुसरी बाजू एक ते दीड मिनिट. बोटानं मध्ये हलकं टोचलं तर वर उसळून यावं. बाहेरून तांबूस आणि आत गिच्च राहत असेल तर गॅस मोठा आहे. फळाचा रस तव्यावर राहिला असेल तर पुढचा घालण्याआधी ओल्या फडक्यानं पुस, नाहीतर त्याचे काळे ठिपके लागतात.

फळांचं आता नीट सांगते, कारण पुण्यात राहून बारा महिने एकच केळं घालायचं काही कारण नाही. केळं सगळ्यात सोपं, सालीवर थोडे काळे ठिपके आलेलं पण घट्ट असलेलं घे. अगदी पिकून मऊ झालेलं केळं चकत्यांना नको, ते कुसकरून मिश्रणात घाल आणि साखर वगळ. सध्या मंडईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आहे. ती धुऊन मग देठ काढ, आधी काढलास तर आत पाणी शिरतं. काप पंधरा मिनिटं स्वच्छ फडक्यावर पसरून ठेव. स्ट्रॉबेरीला किंवा पुढे जूनमध्ये जांभळाला निळसर-करडी छटा आली तर समज, सोडा जास्त झालाय. या फळांचा रंग आम्लात लाल राहतो आणि सोड्यात निळसर पडतो. म्हणजे तुझ्या मापाची परीक्षा फळच करून देतं.

पुरंदरचं अंजीर ताजं मिळालं तर सोडू नकोस. उन्हाळ्यातलं मीठा बहाराचं असेल तर साखर अर्धी कर. पावसाळ्यानंतरचं खट्टा बहाराचं कमी गोड असतं, त्याला मापाची साखर लागते. आडव्या चकत्या कर आणि कापलेली बाजू वर ठेव. द्राक्षं उभी दोन भाग करूनच घे, अख्खं द्राक्ष आत फुटलं की चटका देतं. चिकू घट्ट हवा. हापूसच्या फोडी तव्यावर फार पटकन करपतात, म्हणून तव्यावरून काढल्यावर गरम पॅनकेकवरच पसर, आंब्याचा वासही तसाच टिकतो. सीताफळाचं तर हेच, पण वेगळ्या कारणानं. त्याचा गर तापवला की कडवट होतो. सासवडकडचं सीताफळ आलं की गर काढून गार कर आणि वरून घाल. कलिंगड, संत्रं असली पाणीदार फळं बाजूलाच ठेव.

तुझ्याकडे अंडं न खाणारं कोणी येणार असेल तर अंड्याऐवजी ६० ग्रॅम घट्ट दही घे, दूध ८० मिलीच ठेव आणि सोडा पूर्ण अर्धा चमचा, कारण दह्यानं आम्ल वाढलं. हे पॅनकेक थोडे नाजूक होतात, तेव्हा दोन-तीन मिनिटं जास्त वेळ मंद आचेवर भाज आणि लहान घाल.

बरणीचं आणखी एक. जानेवारीत पुण्याची रात्र गार असते, स्टार्टर ओट्यावर राहिलं तरी सकाळपर्यंत बिघडत नाही. एप्रिल-मेमध्ये तसं करू नकोस, तीन-चार तासांत ते वर येऊन खाली बसतं आणि पुढे नुसतं आंबत जातं. उन्हाळ्यात काढलेलं पीठ लगेच फ्रिजमध्ये टाक, आठवड्याच्या आत वापर, आणि त्या दिवसांत सोड्याची ती वाटीतली परीक्षा दर वेळी कर.

झालेले पॅनकेक एकावर एक रचू नकोस, वाफेनं खालचे ओले होतात. जाळीवर किंवा फडक्यावर सुटे ठेव. उरले तर गार झाल्यावर मध्ये बटर पेपर घालून डब्यात, फ्रिजमध्ये दोन दिवस. गरम करताना तव्यावरच कर, मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात. भांडं गार पाण्यात भिजव, गरम पाणी घातलंस तर पीठ शिजून भांड्याला धरतं. आणि उरलेलं स्टार्टर सिंकमध्ये ओतू नकोस, पाइपात ते सिमेंटासारखं वाळतं. ओल्या कचऱ्यात टाक.

बरणी परत पाठव, पुढच्या आठवड्याचं पुन्हा भरून देईन.

तुझी,
आई