कार-टी म्हणजे नुसतं एक इंजेक्शन नाही

मा. संपादक,

कार-टी थेरपीबद्दल, म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सरवर करतात त्या उपचाराबद्दल, हल्ली बरंच छापून येतं, आणि 'एका इंजेक्शनात कॅन्सर बरा' असं वाचून ओळखीतले लोक मला फोन करतात कारण मी ती घेतलीय. म्हणून लिहितोय. माझा बी सेल लिम्फोमा, म्हणजे बी सेल नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आधी आर-चॉप नावाच्या सहा किमो झाल्या, वर्षभर ठीक होतो, मग मानेत परत गाठ आली, दुसऱ्या किमोला दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी हे सुचवलं.

मशीनला जोडून चार तास रक्त एका हातातून बाहेर, दुसऱ्या हातातून आत, त्यातल्या टी सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाजूला काढतात, त्या नवी मुंबईच्या लॅबला जातात, तिथे त्यांच्यात नवीन जीन घालतात म्हणजे त्या सीडी१९ ही खूण असलेल्या पेशी, म्हणजे बी सेल, ओळखून मारतात. माझ्या सेल यायला चार आठवडे लागले, तेवढ्यात गाठ वाढू नये म्हणून मधे किमो, आणि शेवटी अजून तीन दिवस वेगळी किमो. मग त्या बदललेल्या सेलची छोटीशी पिशवी शिरेतून पंधरा मिनिटांत संपली, खोलीत लसणासारखा वास, तो सेल गोठवताना घालतात त्या औषधाचा. बायको म्हणाली, झालं एवढंच?

तिसऱ्या रात्री १०३ ताप, बीपी खाली. टोसिलिझुमॅब दिलं, संधिवाताला देतात तेच, सकाळपर्यंत ताप उतरला. पण मला सांगायचंय ते वहीबद्दल. मेंदूवर परिणाम होतोय का बघायला नर्स रोज १०० पासून दहा-दहाने उलटं मोजायला लावायची आणि एक वाक्य लिहायला लावायची. मी रोज एकच लिहायचो, 'मी कोथरूडला राहतो.' सहाव्या दिवशी 'मी' च्या पुढे नुसत्या रेघा होत्या, आणि मी हट्टाने सांगत होतो की बरोबर लिहिलंय! नर्स यायला अजून वेळ होता, बायकोनेच सहज वही पुढे केली होती म्हणून तेव्हाच कळलं, तिने धावत जाऊन डॉक्टरांना आणलं, स्टेरॉइड सुरू झालं, दोन दिवसांनी कोथरूड परत आलं. ती वही तिने जपून ठेवलीय.

म्हणजे पेशंटला स्वतःला कळत नाही हो. आम्हाला सांगितलं होतं, डिस्चार्जनंतरही इंजेक्शनपासून महिनाभर हॉस्पिटलच्या जवळ राहायचं, दोन महिने गाडी चालवायची नाही, चोवीस तास कोणीतरी सोबत. बायकोला बँकेत रजा मिळाली म्हणून आमचं निभावलं. शेजारच्या खोलीत बार्शीचे एक काका होते, त्यांच्या मुलाने जवळच खोली भाड्याने घेतली, शेतीची कामं टाकून तो महिनाभर इथे. ज्याच्याकडे असं कोणीच नाही त्याने काय करायचं?

आणि पैसे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी हे इथे बनवलं, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली, परदेशात तीन-चार कोटी लागतात ते इथे ४० लाखांच्या आसपास आलं, याचा मला मनापासून अभिमान आहे, त्यांच्यामुळे मी हे पत्र लिहितोय. पण ४० लाख नोकरदार माणसाने कुठून आणायचे? माझ्या पॉलिसीत इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मदतीने होणारा उपचार, कव्हर आहे, पण त्यापुढे 'मोनोक्लोनल अँटीबॉडीचं इंजेक्शन' असं लिहिलंय, ते वेगळं, लॅबमध्ये बनवलेलं प्रथिनाचं औषध, त्यावर बोट ठेवून विमा कंपनीने सेलचा खर्च नाकारला, फक्त खोली आणि औषधांचे दिले. गावची जमीन विकली. नवीन उपचार आले की पॉलिसीतले शब्दही बदलायला हवेत, हे सरकारने कंपन्यांवर सोडून चालणार नाही.

तीन महिन्यांचं पेट स्कॅन, शरीरात कुठे कॅन्सर उरलाय का ते दाखवणारं, स्वच्छ आलंय. चांगल्या बी सेलही गेल्यात त्यामुळे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, बाहेरून घ्यावं लागतं, मास्क लावतो, गणपतीला गर्दीत गेलो नाही.

पुढच्या बातमीत सोबत राहणाऱ्या माणसाबद्दलही छापा ही विनंती. आणि ज्यांच्या घरी आत्ता हे ठरतंय त्यांनी सेल काढायच्या आधीच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, आणि रात्री पेशंटजवळ कोण थांबणार तेही ठरवून ठेवा.

- एक वाचक, कोथरूड, पुणे