पंचवीस उंदीर

ता. जत, जि. सांगली
रविवार, 24 ऑगस्ट 2025

प्रिय मंदे,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. मोबाईलवर उत्तर दिलं असतं तर चार ओळींत आटोपलं असतं, पण मला एक कबुली द्यायची आहे आणि ती अंगठ्याने लिहवत नाही.

2019 चा जून आठवतोय? बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ छापलं म्हणून मी फोनवर तुझ्याशी तासभर भांडले होते. मराठीची वाट लावली म्हणाले. तू शांतपणे म्हणालीस, “अगं, पुस्तक उघडून तरी बघ, ‘एकवीस’ही तिथेच आहे.” मी उघडलं नाही. विधानसभेत टिंगल झाली तेव्हा तर मला आपण जिंकल्यासारखं वाटलं. आता सहा वर्षांनी सांगते, तुझं बरोबर होतं. निदान बारा आणे तरी. उरलेल्या चार आण्यांचं पुढे लिहिते.

यंदा पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे आहे, पट 23. पहिलीवाले मुळाक्षरं गिरवतात तोवर दुसरीचं गणित, मग उलट. त्यातल्या एकीला आपण चिमणी म्हणू. दिसायला तशीच आहे, बसल्या जागी टुणटुण करते. तिला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हटलं, पंचवीस लिही. तिने लिहिले 52. दरवर्षी दहा तरी पोरं हेच लिहितात, मीही दरवर्षी खोडते आणि “लक्ष कुठे आहे?” विचारते. पण त्या दिवशी मी तिच्या मागेच उभी होते, म्हणून हात कसा चालला ते दिसलं. ‘पंच’ कानावर पडताच तिने 5 काढला. मग ‘वीस’ ऐकून शेजारी 2. जे आधी ऐकलं ते आधी लिहिलं, आणि लिहायचं तर डावीकडूनच. लक्ष अगदी माझ्याकडे होतं गं तिचं. इतकी वर्षं मी मुलांना नीट ऐकण्याबद्दल रागावत होते.

गंमत पुढेच आहे. चिमणीच्या घरी कानडी बोलतात. इकडे जतेत बऱ्याच वस्त्या तशाच, तुला माहीत आहे. तिची आजी शेळ्या घेऊन शाळेच्या कुंपणापाशी थांबली होती आणि काठीने एकेक पुढे ढकलत मोजत होती. शेवटची शेळी गेली तेव्हा म्हणाली, “इप्पत्तैदु.” इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. वीस पाच! खडू हातात धरून मी तिथेच उभी राहिले. पोरगी घरी बरोबर क्रमाने मोजते, शाळेत आली की तो क्रम उलटा होतो, आणि आम्ही शेरा मारतो ‘कानडी घरची आहे, गणितात कच्ची’.

एकोणतीसची तर तऱ्हाच वेगळी. त्यात तीस ऐकू येतं म्हणून निम्मा वर्ग 39 लिहितो. एकाने विचारलं, “बाई, तीस हाय न्हवं त्यात?” आता काय सांगू? हाय बी आणि न्हाई बी. बरं, ‘एकोण म्हणजे एक कमी’ असा नियम करून द्यावा, तर तो एकोणनव्वदपर्यंत इमानाने चालतो आणि पुढे नव्व्याण्णव येऊन उभा राहतो. मुलं माझ्याकडे अशी बघतात, जणू मीच फसवलं.

म्हणून आता एक जुना खराटा सोडवला. काड्या बोटभर लांबीच्या कापल्या, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधल्या. संख्या सांगितली की आधी जुड्या उचलायच्या, मग सुट्ट्या काड्या. तोंडाने म्हणायचं, “वीस पाच, पंचवीस.” दोन्ही एका दमात. आधी हात, मग तोंड, लिहायचं सगळ्यांत शेवटी. तू हेच सांगत होतीस ना?

माझे चार आणे असे, की नुसत्या ‘वीस पाच’वर भागणार नाही. एसटीचा कंडक्टर पंचवीसच म्हणणार आणि वाण्याकडे पाठवलं तर वाणीही. शिवाय पाढ्यांचा ठेका! ‘बे एके बे, बे दुणे चार’ म्हणताना पोरं जी डुलतात, ते मी कुणालाही काढून घेऊ देणार नाही. इथे तू गप्प बस.

एक नवीन उद्योग लावलाय. परिपाठ झाला की दुसरीची दोन मुलं आमच्या आणि शेजारच्या वर्गात फिरून हजर पोरं मोजतात आणि खिचडीवाल्या मावशींना आकडा सांगतात. माणशी 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे दहा पोरांना एक किलो. परवा हिशेबनिसांनी 31 चे 13 सांगितले. मावशी म्हणाल्या, “मग बाकीच्यांनी काय फळा खायचा का?” अख्खा वर्ग हसला, ते दोघंसुद्धा. माझ्या लाल पेनाने जे झालं नव्हतं ते मावशींच्या एका वाक्याने झालं. आता आकडा सांगण्याआधी दोघं जुड्या मांडून बघतात. (त्यानंतर तीच हजेरी मला ऑनलाइन भरावी लागते. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढते. त्याबद्दल लिहायला बसले तर हे पत्र संपायचं नाही.)

बुधवारी गणपती, म्हणून शुक्रवारी मातकाम घेतलं. शाडू कुठली इथे, तळ्याकाठची काळी माती आणली. कुणाच्या गणपतीची सोंड गळाली, कुणाचं पोट फुटलं. चिमणीने गणपतीचा नाद पहिल्या पाच मिनिटांत सोडला आणि उंदीर करत सुटली. शेंगदाण्याएवढे, शेपटीला खराट्याची काडी. माझ्या जुड्यांतलीच! शाळा सुटायच्या वेळी सगळे खिडकीत वाळत मांडले होते. वर दहाची ओळ, खाली दहाची ओळ आणि कडेला पाच. मी काही सांगितलं नव्हतं. विचारलं, किती गं? तिने ओळींवरून बोट फिरवलं, खडू घेतला आणि खिडकीखालच्या भिंतीवर आधी 2 काढला.

भिंत नुकतीच रंगवलेली आहे, मुख्याध्यापक उद्या बोलतील. दसऱ्यानंतर ये, आणि येताना तुझ्याकडची आकडे मोजायची मणीमाळ आण. उंदीर अजून खिडकीत आहेत, एकाची शेपटी तेवढी मोडली.

तुझीच,
शमे