बाबा, वाघिणी सांगलीतच यायच्या

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवाच फोन झाला, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर बाबा दोनदा "हां, हां" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. जे बोलायचं आहे ते बाबांशीच आहे. आई, तू वाचून दाखवशील तेव्हा मधला भाग गाळू नकोस.

दिवाळीत आपण हरिपूरहून संगमेश्वराचं दर्शन घेऊन रिक्षातून परत येत होतो. बाबा तन्मयला म्हणाले, "इथनं मालगाडी जायची बरं का. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, लागायचे थेट धक्क्याला, माल चढवायच्या फलाटाला." आणि मी मध्येच बोलले, "बाबा, ते मिरजेत. तुमची गल्लत होतेय." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. तन्मयकडे बघून मी डोळ्यांनी खुणावलं, आजोबांचं आता वय झालं, अशा अर्थानं. ते तुम्ही पाहिलंत. घरापर्यंत मग एक शब्द बोलला नाहीत.

बाबा, तुमची गल्लत नव्हती. माझी होती.

गेल्या महिन्यात कामानिमित्त कॉटन ग्रीनला जावं लागलं. मुंबईच्या गोदीची स्वतःची मालगाडी होती, १९१५ पासूनची. आता तिचे रूळ रस्त्याच्या डांबरात अर्धेमुर्धे गाडलेले दिसतात. एका गोदामाच्या भिंतीशी रूळ अचानक संपतो आणि पुढे चहाची टपरी. मी तिथं चहा घेत उभी होते, आणि का कोण जाणे, तुमचा "थेट धक्क्याला" हा शब्द कानात वाजला. आमच्या ऑफिसात रेल्वेचं भयंकर वेड असलेला एक जण आहे. (त्याला गाड्यांचे नंबर पाठ, बायकोचा वाढदिवस नाही.) त्याला सहज विचारलं, तर तो सुरूच झाला. मिरजेहून सांगलीला मीटरगेजचा वेगळा फाटा होता म्हणे, जेमतेम पाच मैलांचा, संस्थानच्या काळात १९०७ साली घातलेला. पुण्याहून येणारी मुख्य लाइन तेव्हा सांगली शहराला टाळून मिरजेला जायची. सत्तरच्या आसपास ब्रॉडगेज आली तेव्हा मुख्य लाइनच सांगलीतून वळवली, नवं स्टेशन झालं, आणि हा फाटा उरला नाही.

मी जन्मले त्याच सुमारास. म्हणजे तुमची मालगाडी मी पाहिलीच नाही, आणि पाहिली नाही म्हणून नव्हतीच, असा माझा न्याय! रोज "स्टेशन चौक, स्टेशन चौक" म्हणत मोठी झाले. तिथं गाडी का थांबत नाही, हा प्रश्न चाळीस वर्षांत एकदाही पडला नाही.

आणखी एक आहे. ते लिहायला जड जातंय. २०१९ च्या महापुरात गावभागातलं घर गळ्यापर्यंत बुडालं. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला मी आले, तेव्हा माळ्याखालच्या पेटीत तुमच्या जुन्या वह्या होत्या. पानं चिकटून लगदा झालेला, वर नदीचा तो काळा, कुजका वास. वरच्या एका वहीत निळ्या शाईचे आकडे तेवढे दिसत होते. वाघिणीचा नंबर, मार्का, पोती. मी तुम्हाला न विचारता सगळ्या पालिकेच्या ट्रॉलीत टाकल्या. तुम्ही नंतर दोन दिवस पेटी उघडून बघत होतात आणि मी म्हणत होते, "काय शोधताय, सगळं गेलं पाण्यात." पाण्यात नाही गेलं, बाबा. मी टाकलं. आणि वर दिवाळीत मलाच पुरावा हवा होता.

आता लिहायलाच बसले आहे तर मला काय काय आठवतं ते सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. अडत दुकानात तुम्ही सतराव्या वर्षी लागलात. हळद हरिपूरच्या पेवातून यायची. लहानपणी एकदा तुम्ही मला पेव उघडताना न्यायला तयार झालात, आईचा नकार डावलून. जमिनीत तोंड एवढंसं की माणूस जेमतेम उतरेल, आणि आत घागरीसारखं पोट, दोन पुरुषांहून खोल. माती बाजूला केली, झाकण निघालं, आणि कोणीही आत उतरेना. मला वाटलं, भितात. तुम्ही म्हणालात, आतली हवा मेलेली असते, तिला बाहेर पडू दे. बऱ्याच वेळानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. सगळे वाकून त्या ज्योतीकडे बघत होते. ती थरथरली, बारीक झाली, पण विझली नाही. मग एक गडी उतरला आणि वर पहिली पाटी आली. वर्षानुवर्षं मातीखाली राहिलेली हळकुंडं, आणि कीड नाही. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. कंदील बहुतेक ओगलेवाडीचा प्रभाकर असणार. तोही कऱ्हाड स्टेशनाशेजारच्याच कारखान्यातला, म्हणजे तोही आपल्याच लाइनवरचा.

ती पेवं २००५ च्या पुरात गेली. तेव्हा तुम्ही जेवायला बसला होतात आणि बातमी ऐकून ताटावरून उठलात. ते मला आठवतंय, पण तेव्हा कळलं नव्हतं.

त्यापुढचं मला माहीत नाही, ते तुम्ही सांगायचं. बैलगाडीतून पोती धक्क्यावर आली की हुंडेकऱ्याच्या, म्हणजे माल पोचवायचा ठेका घेणाऱ्याच्या, माणसाशी घासाघीस कोण करायचं? वाघीण भरायला किती हमाल लागायचे? पोत्याची तोंडं शिवायचं तुमचं ते दाभण देवघराच्या खणात आहे ना अजून? पुराच्या वेळी ते तुमच्या सदऱ्याच्या खिशात होतं, एवढंच वाचलं.

आई, तुझीही एक लाइन होती, ती विसरले नाही. कवठेमहांकाळला माहेरी जायचं म्हणजे मिरजेत मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीकडे पळायचं. बार्शी लाइट! अडीच फुटी रूळ. १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीला सुरू झाली आणि वाढत वाढत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. गाडी हलकी, रूळ हलके, दर आसावर पाच टनांपेक्षा भार नाही, असा ती लाइन बांधणाऱ्या काल्थ्रॉप साहेबाचा हिशेब. मला हिशेब कुठला ठाऊक! मला आरगेच्या पुढं खिडकीतून हात काढला की बाभळीचा पाला हाताला लागायचा, तेवढं ठाऊक. आणि मिरजेत एका रुळावरच्या डब्यातलं पोतं पाठीवरून दुसऱ्या रुळावरच्या डब्यात नेणारे हमाल. रुळांची मापं वेगळी, म्हणून किती माणसांच्या पाठी वाकल्या. ती गाडी २००८ मध्ये बंद झाली. पुढं त्याच वाटेवर ब्रॉडगेज आली, तेव्हा तू म्हणालीस, "आता माहेर पटकन येतं, पण तिथं आता आहे कोण?"

आणि २०१६ चा एप्रिल. मिरजेच्या यार्डातून लातूरला पाण्याची गाडी निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडीवरून, म्हणजे तुझ्या छोट्या गाडीच्याच वाटेनं. टीव्हीवर ते बघताना बाबा म्हणाले होते, "हळद नेली, गूळ नेला, आता नदीच भरली वाघिणीत." आम्ही हसलो. बाबा हसले नव्हते.

शनिवारी महालक्ष्मीनं येते, तन्मयही येतोय. गाडी पहाटे सांगलीत पोचते, कोणी घ्यायला येऊ नका, थंडी आहे. आई, फार काही करू नकोस, भडंग तेवढं घरी असू दे. दहा वाजता आपण चौघं रिक्षानं निघू. तन्मय मोठी वही आणणार आहे. पहिल्या पानावर त्यानं "आजोबांचा धक्का" लिहून ठेवलंय. पुढचं काही मी त्याला सांगितलेलं नाही.

रिक्षावाल्याला कुठं थांबायचं ते बाबांनीच सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
सुमी