गोंगाट नव्हे, घडवलेला नाद

संपादक महोदय,

संगणकावरच्या संगीताला ‘क्लबातला गोंगाट’ ठरवणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. हे मत मला मान्य नाही. मुंबईचेच वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ (ठेका देणारे) आणि टीबी-३०३ (खर्जाचे सूर काढणारे) या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले. तेव्हा त्यांची दखल फारशी कोणी घेतली नाही. शिकागोच्या क्लबांत त्याच टीबी-३०३ने ‘ॲसिड हाउस’ हे नृत्यसंगीत गाजवले, ते पुढे काही वर्षांनी.

माझा भाचा मालवणात याच वाटेने चालला आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे मासेमारी जाळे) ओढतानाच्या आरोळ्या, वाळूत घासणारा दोर, शिमग्याचा ढोल तो ध्वनिमुद्रित करतो. ते आवाज ताणून, उलटे फिरवून ‘हाउस’ या नृत्यसंगीताच्या ठेक्यावर बसवतो, मिनिटाला साधारण सव्वाशे ठोके. केवळ दोराच्या करकरीसाठी तो सलग तीन पहाटे किनाऱ्यावर गेला होता. पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये रेल्वेच्या आवाजांतून रचना केली, तीही अशाच चिकाटीने. या मेहनतीला गोंगाट म्हणणे मनाला लागते.

पुरवणीने कोकणातल्या अशा मुलांचे काम हेडफोन लावून, सावकाश ऐकावे आणि मग त्यावर लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, मालवण