एआय चुकले तर जुन्या पद्धतीकडे परतण्याची तरतूद मानकातच हवी

महोदय,

'६जीचे जाळे एआय चालवेल' असे बातम्यांत सर्रास वाचायला मिळते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२३ च्या आयएमटी-२०३० आराखड्यात 'एआय आणि संपर्क' हा सहा वापरप्रकारांपैकी एक आहे, हे खरे. पण मोबाइल जाळ्यांची मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेच्या रिलीज १९ या आवृत्तीच्या मानकांत शोधून एआयचे मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकलेला प्रोग्राम, सापडणार नाही. न्यूरल नेटवर्कचे थर किती, ते कोणत्या डेटावर शिकवायचे, हे उत्पादकांवर सोडले आहे. मानक ठरवते ते एवढेच: फोन आणि टॉवरने एकमेकांना काय कळवायचे, केव्हा कळवायचे आणि मॉडेल चालू-बंद कसे करायचे. वाद घालायचा तर या तरतुदींवर घालावा.

बीम, म्हणजे एका दिशेला रोखलेला रेडिओझोत, निवडण्याचेच घ्या. मिलिमीटर लहरींवर ५जीचा टॉवर एकामागून एक जास्तीत जास्त ६४ दिशांना बीम सोडतो. फोन प्रत्येकाची ताकद मोजतो आणि सर्वांत चांगला कोणता ते कळवतो. मॉडेल असेल तर त्यातले १६ मोजूनही उरलेल्यांचा अंदाज बांधता येतो. वेळ वाचतो, बॅटरीही वाचते. मात्र हा अंदाज ज्या अँटेनावर शिकला त्याच्याच बीमच्या आकाराशी बांधलेला असतो. पुढच्या टॉवरवर बीमची रुंदी किंवा अँटेनाचा कल वेगळा असला की गणित बिघडते, आणि बीमचा नेमका आकार उत्पादक उघड करत नाहीत. म्हणून रिलीज १९ मध्ये जोड-ओळखक्रमांकाची सोय आली: क्रमांक तोच, तर शिकतानाची आणि वापरतानाची मांडणी सारखीच आहे असे फोनने धरायचे.

कारखान्यातल्या स्थाननिश्चितीचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. यंत्रांच्या दाटीत सरळ येणारी लहर अडते, परावर्तित लहरच आधी पोहोचते आणि भूमितीवर बेतलेली पद्धत फसते. रिलीज १८ च्या अभ्यासातील सिम्युलेशनमध्ये जुन्या पद्धतीची चूक ९० टक्के पातळीवर (म्हणजे ९० टक्के वेळा चूक ज्या मर्यादेच्या आत राहते ती मर्यादा) १५ मीटरच्या वर होती. मॉडेलने ती १ मीटरच्या आत आणली. पण तो निकाल शिकण्याची आणि चाचणीची जागा एकच असतानाचा. यंत्रांची मांडणी बदलली, किंवा टॉवरांची घड्याळे एकमेकांपासून सरकली, की अचूकता ढासळते. १० नॅनोसेकंदांत रेडिओलहर ३ मीटर जाते, हे लक्षात घ्यावे.

चॅनेलची, म्हणजे फोन आणि टॉवर यांच्यातल्या रेडिओमार्गाची, माहिती दाबून पाठवण्याचा उपयोग तर याहून नाजूक. संकोचन करणारा भाग फोनमध्ये, उलगडणारा टॉवरमध्ये, आणि दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. जोडी जुळली नाही तर निष्पत्ती निरुपयोगी. रिलीज १९ मध्ये बीम, स्थाननिश्चिती आणि फोनच्या बाजूने होणारा चॅनेलचा अंदाज यांची मानके झाली. संकोचनाचा मात्र अभ्यासच पुढे चालू ठेवावा लागला. ही सावधगिरी योग्यच होती.

आता मुद्दा देखरेखीचा. मॉडेलचा अंदाज बरोबर आहे का हे पाहायला अधूनमधून सगळे ६४ बीम मोजावेच लागतात. त्यात वाचवलेला वेळ पुन्हा खर्च होतो, म्हणून ही पडताळणी विरळ ठेवण्याचा मोह प्रत्येक उत्पादकाला होणार. मॉडेलने स्वतःच दिलेल्या खात्रीच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे; अनोळखी परिस्थितीत ते चुकीचे उत्तरही ठामपणे देते.

म्हणून ६जीच्या मानकांत तीन गोष्टी सक्तीच्या व्हाव्यात. शिकताना न पाहिलेल्या अँटेनावर आणि मांडणीत चाचणी. अंदाज सतत चुकू लागल्यावर किती मिलिसेकंदांत जुन्या पद्धतीवर परतायचे, याची लेखी मर्यादा. आणि बंद ठेवलेले मॉडेल पुन्हा चालू करण्याआधी, त्याच्या उत्तरांवर जाळे न चालवता, त्याची प्रत्यक्ष मोजमापांशी तुलना. यातली दुसरी सर्वांत निकडीची आहे: परतायला उशीर झाला तर चालू कॉल तुटतो.

— एक दूरसंचार अभियंता