आई-बाबा, शनिवारी मशीन येतंय

वाकड, सोमवार रात्र

तीर्थरूप आई आणि बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार. (बाबा, 'तीर्थरूप' फक्त आई-वडिलांना, 'तीर्थस्वरूप' बाकीच्या वडीलधाऱ्यांना. विसरले नाहीये. लाल पेन मात्र जरा बाजूला ठेवा, आधी शेवटपर्यंत वाचा.)

एकाच गावात राहून मुलगी पत्र काय लिहिते, असं म्हणाल. पण फोनवर तुमच्या दोघांशी एका विषयावर बोलता येत नाही. आई म्हणते, "ह्यांना विचार." बाबा म्हणतात, "तिला हवं असेल तर मी कोण नाही म्हणणारा?" आणि मग फोन सोफ्यावर ठेवून दोघंही आत जाता, मी इकडे टीव्हीवरच्या बातम्या ऐकत बसते. म्हणून लिहितेय. बाबा मोठ्याने वाचतील आणि आई समोर गवार मोडत ऐकेल, हे धरूनच लिहितेय. मधलं काही गाळावंसं वाटेल, बाबा. गाळू नका. गाळायच्या आधी तुम्ही खाकरता, आणि ते आईला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे.

तर तुमच्यासाठी भांडी घासायचं मशीन घेतलंय. विचारायला लिहीत नाहीये, पैसे भरून झालेत. शनिवारी अकरा ते एकच्या मध्ये येईल. ४६,००० रुपये. बाबा, आकडा मीच सांगून टाकला, कारण तुम्ही तो पेपरातल्या जाहिरातीत शोधलाच असता. हप्ता नाही, कर्ज नाही, मुलांच्या फीला हात लावलेला नाही. तुमच्या जावयांना विचारलंय. खरं तर त्यांनीच मागे लागून घ्यायला लावलं. हे मी तीनदा लिहून दोनदा खोडलं, म्हणजे मला किती धाकधूक आहे ते समजून घ्या.

आता रविवारचं. आपण अकरा जण जेवलो. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी, मठ्ठा, दोन पंगती. साडेनऊला मी "चांदणी चौकात अडकायला नको" म्हणत मुलांना चपला घालायला लावल्या. मोरीतला ढीग मी पाहिला होता, आई. पुरणाचं पातेलं, त्यात पुरणयंत्र, त्यावर परात. पाहून न पाहिल्यासारखं केलं. धाकट्याची पाण्याची बाटली राहिली म्हणून परत वर आले, तेव्हा तू स्टुलावर बसली होतीस आणि उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला होतास. मला पाहिल्याबरोबर हात काढलास आणि म्हणालीस, "गार वारं सुटलंय गं." मे महिन्यात!

डॉक्टरांनी मनगटातली नस दबलीये म्हणून सांगितलं, त्याला आता पाच महिने झाले. घासणं, पिळणं, जोर लावून धरणं टाळा म्हणाले होते. रात्री बोटांना मुंग्या येऊन तू उठून बसतेस, हे मला बाबांनी सांगितलंय. (बाबा, सॉरी. फुटलं.) मनगटाचा तो पट्टा रात्री बांधून झोपायचा असतो, शोकेसमध्ये बाहुल्यांशेजारी ठेवायचा नसतो.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. "दोन माणसांची भांडी ती किती!" मोजूया? सकाळी चहाचं पातेलं, गाळणं, कपबशा. तुम्ही दिवसातून तीनदा चहा घेता आणि तिन्ही वेळा नवा कप. दुधाचं पातेलं, सायीचं सट, विरजणाचं भांडं. कुकर आणि त्यातली तीन भांडी. कढई, झारा, डाव, उलथनं, कणकेची परात, कोशिंबिरीचं वाडगं. ताटं दोन, पण वाट्या सहा, कारण चटणी आमटीला लागलेली तुम्हाला चालत नाही. हे एका वेळचं झालं. शिवाय पंधरा दिवसांनी तूप कढवलेलं पातेलं, ज्याची बेरी मी खायची आणि करपलेलं बूड आईने खरवडायचं. ही वाटणी मी पाच वर्षांची असल्यापासून चालू आहे. मीही साधी नव्हते.

दुसरं म्हणणं बाईंचं. मावशी बावीस वर्षं आल्या, त्यांच्यासारखं कोणी मिळणार नाही, हे कबूल. दिवाळीत त्या भोरला लेकीकडे गेल्या, तेव्हा त्यांचेही गुडघे थकलेच होते. त्यांच्या पोटावर पाय येत असता तर मी हे मशीन घेतलंच नसतं. त्यानंतर तिघी येऊन गेल्या, एक तर आठ दिवसांत. मिळेल चौथी. तुमचा हिशेबही बरोबर आहे की ४६,००० मध्ये महिना हजाराने जवळजवळ चार वर्षं बाई येईल. तुमचा हिशेब कधी चुकलाय? पण बाई येते सकाळी, एकदा. रात्रीची भांडी कोण घासतं? आणि सकाळीही "ती यायचीये, इतकी खरकटी कशी ठेवायची" म्हणून आधी कोण विसळून ठेवतं?

मिक्सरचं आठवा जरा. पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही, असं तुम्ही सहा वर्षं म्हणत होता. खरंच नाही. फक्त पाट्यापुढे आई बसायची. आणि आज त्याच मिक्सरमध्ये उन्हाळ्यात लस्सी कोण फिरवतं, झाकण न दाबता? टोचून बोलत नाहीये, बाबा. तुम्ही आयुष्यात स्वतःसाठी काही घेतलं नाहीत, एक स्कूटर एकवीस वर्षं वापरलीत आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या फीला एकदाही "बघू" म्हणाला नाहीत. तुम्हाला चिक्कू म्हणायची कोणाची हिंमत नाही. माझी तर नाहीच. वॉशिंग मशीनचं मी काढत नाही, ते सोलापूरचं प्रकरण पुन्हा नको.

पाण्याचं मात्र बोलायला हवं, कारण तुमची खरी अडचण तीच असणार. १९६१ च्या बारा जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि नऊ वर्षांचे तुम्ही नारायण पेठेतून कळशा घेऊन पाण्यामागे हिंडलात. घरात दोन पिंपं कायम भरलेली का असतात ते मला न सांगता समजतं. गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारी रात्री तुम्ही बादल्या मोजता. म्हणून सांगते, हे मशीन एका फेरीला साधारण दहा लिटर पाणी घेतं. म्हणजे आपली आंघोळीची बादलीसुद्धा पूर्ण नाही. खोटं वाटत असेल तर एक करा. उद्या रात्री आई भांडी विसळताना नळाखाली बादली ठेवा आणि किती भरतात ते मीटरच्या वहीत लिहा. (आई, उद्या मुद्दाम बारीक धार सोडू नकोस.) वीज एका फेरीला एक युनिटच्या आसपास, दर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तुम्हा दोघांची दिवसभराची भांडी एका फेरीत बसतात. रोज रात्री एकदा लावायचं. कमी असतील तर अर्ध्या फेरीचं बटण आहे.

आणि हे काही आयटीवाल्यांचं नवं फॅड नाही. १८८६ मध्ये जोसेफिन कॉक्रेन नावाच्या अमेरिकन बाईने याचं पेटंट घेतलं. म्हणजे केसरी निघून पाचच वर्षं झाली होती. नोकर धुताना तिच्या चिनीमातीच्या बश्यांचे टवके उडवायचे, म्हणून तिने हा उद्योग केला. कट्ट्यावर सांगायला तुम्हाला बरं पडेल.

आता आई, तुझी पाळी. तू वरवर "मला कशाला" म्हणणार आणि मशीनमधून निघालेली वाटी नाकाशी नेणार. ने. आमच्याकडे मशीन आलं तेव्हा पहिला आठवडा मीही तेच केलं. यात पाणी पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापतं, आपला हात तेवढं सोसेल का? स्टीलची तेलकट कढई, आमटीचं पातेलं, दुधाचं बूड, सगळं निघतं. खरकटं फक्त केरात निपटून टाकायचं. आधी घासून मग आत ठेवायचं नाही. तू ठेवणार, मला माहीत आहे. नको ठेवूस.

तुला आठवतं का, जुन्या घरी मोरीच्या कट्ट्यावर तू मला बसवायचीस? तू घासायचीस, मी विसळायचे आणि एकेका वाटीला एकेक पाढा. एकोणतीसचा पाढा मी पितळी पातेल्यावर शिकले, अजून म्हणताना हाताला गार लागतं. फ्रॉक भिजला की तू आजीच्या नजरेआड मला पदराने पुसायचीस. तुझ्या हातांना राखेचा वास यायचा, नंतर निळ्या वडीचा. शाळेत डबा उघडला की पोळीला तो वास असायचा आणि मला घरी यावंसं वाटायचं. तू म्हणशील तर अजूनही बसते कट्ट्यावर. मोरी काही आपण बुजवत नाही आहोत.

तेच सांगायचं होतं. काही हलणार नाही. मशीन कोरड्या बाल्कनीत बसेल, घरघंटीच्या शेजारी, दोन फूट रुंद. मी रविवारी ओढणीने मापलंय. बाबांची खुर्ची जिथे आहे तिथेच राहील, सकाळचं ऊनही. नळ आहे, सांडपाणी मोरीतच जाईल. पॉवर प्लगला इलेक्ट्रिशियन शुक्रवारी चारला येईल, म्हणजे दुपारची झोप मोडणार नाही. आवाज आपल्या फ्रिजपेक्षा थोडा जास्त, घरघंटीपेक्षा कितीतरी कमी. दोन-तीन तास चालतं, त्या वेळात झोपून जायचं. मध्ये चारदा उठून दार उघडून बघायचं नाही. बाबा, हे तुम्हाला.

आता नीट ऐका. लोखंडी तवा आत घालायचा नाही, गंजेल. पोळपाट-लाटणं, रवी नाही. हिंडालियमची कढई आणि जर्मनची पातेली नाहीत, काळी पडतात. आपल्या कुकरचं झाकणही त्याच जातीचं, ते हाताने. आतली स्टीलची भांडी चालतील. ताम्हन, पळी, निरांजन आई पितांबरीनेच घासेल, ते मी तिच्याकडून काढून घेत नाहीये, पण बाबांनी धरू लागायचं. वाट्या तिरक्या पालथ्या घालायच्या, चमचे एकात एक अडकवायचे नाहीत, सुरीचं टोक खाली. मिठाच्या कप्प्यात यंत्राचंच जाडं मीठ, डब्यातलं स्वयंपाकाचं नाही. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येतात, त्या जड पाण्याने फुलपात्रांवर पांढरे डाग पडतात ना, त्यासाठी ते मीठ. खालची जाळी दर रविवारी काढून धुवायची. आणि आत ओट्यावरचा लिक्विड साबण कधी, कधीही ओतायचा नाही. तुमच्या जावयांनी ओतला होता. हॉलपर्यंत फेस आला आणि ते बर्मुड्यावर वायपर घेऊन उभे. त्याआधी तीन महिने हेच गृहस्थ "आपल्याला काय गरज" म्हणत होते. आता मला एक ताट स्वतःच्या हाताने आत ठेवू देत नाहीत, म्हणे माझी मांडणी चुकते. बाबा, मला वाटतं तुमचंही तसंच होणार. मांडणी हा तुमचाच प्रांत आहे. गाडीच्या डिकीत सामान लावताना तुम्ही आम्हाला जवळ येऊ देत होतात का?

म्हणून माझी इच्छा अशी की मशीन लावायचं काम बाबांनी करावं. आईने जेवण झाल्यावर हात धुवून सरळ मालिकेपुढे बसावं. जमेल का? दोन आठवडे करून बघा. नाहीच पटलं तर मी माझ्या घरी घेऊन जाईन आणि तुमच्यासमोर पुन्हा विषय काढणार नाही. (नेणार नाही. पण तसं म्हणायची पद्धत आहे.)

शनिवारी बसवायला माणूस येईल, त्याला चहा द्या, पण तासभर त्याची उलटतपासणी घेऊ नका. तो गेल्यावर स्क्रूड्रायव्हर बाहेर काढू नका. स्टुलावर चढून माळ्यावरचा खोका काढायचा नाही, मी आल्यावर काढेन. आई, रात्री पट्टा. बाबा, बीपीची गोळी जेवणाआधी, नंतर नाही. दोघांनी दुपारी ताक प्या.

मी दहालाच पोचते. मुलांना घेऊन येत नाही, नाहीतर तू शिरा करत बसशील.

तुमची,
ठमी

ता. क. आई, मसाल्याच्या फळीवर डब्यांखाली तू पेपर अंथरलायस. रविवारी हळदीचा डबा उचलला तेव्हा दिसलं. नीट घडी घातलेली जाहिरात, याच मशीनची, किमतीला पेनने गोल केलेला. तारीख मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरची होती. बाबा, इथे खाकरू नका, वाचा.